काडेपेटीतला घट

१ सप्टेंबर, सोमवार

आज दुपारी पुन्हा घरात झोपले. घर म्हणजे नगरच्या एमआयडीसीतल्या पंकजच्या शेडमध्ये मधोमध उभं असलेलं आमचं नमुन्याचं घर. भिंतींना आणि जमिनीला उसाच्या चिपाडाचे दाबून केलेले तक्ते, चौकोनी पाइपांची चौकट, वर पत्रा, खाली सहा लोखंडी पाय. चार माणसांनी सकाळी टेम्पोतून सुटे भाग उतरवावेत आणि दिवेलागणीला आत चूल पेटावी, एवढं सोपं. कुठे पूर आला, दरड कोसळली, माणसं उघड्यावर पडली की हे घर त्यांच्याकडे चालत जाणार. जाणार टेम्पोतूनच, पण मला ते नेहमी चालत जाताना दिसतं, लोखंडी पाय सावकाश उचलत.

हवा दमट असली की तक्त्यांना गुऱ्हाळाचा वास सुटतो. त्या वासात झोप फार छान लागते. पंकज याला काडेपेटी म्हणतो. मी नकाशे काढते, तो लोखंड कापतो, आणि दोन वर्षं आम्ही दोघं या काडेपेटीच्या मागे आहोत. जुनं झालं की मोडून शेतात कुजवता येईल असं घर, हे मी त्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "लोक घर टिकावं म्हणून बांधतात, तू कुजावं म्हणून बांधतेस. धन्य आहेस बाई." तरी आला बरोबर.

आज खिडकीवरून आमचं वाजलं. त्याच्या मते खिडकी फार खाली आहे, चौकटीला उगाच एक जोड वाढतो. मी म्हटलं, पडल्या माणसालाही बाहेर दिसलं पाहिजे. तो म्हणाला, "पुरातनं आलेला माणूस पडून बाहेर कशाला बघंल?" तरी खिडकी मी हलवू दिली नाही.

आईचा फोन आला. बाबा गेल्यापासून पारनेरचं घर बंद आहे आणि ती चिंचवडला दादाकडे असते. म्हणाली, "निकू, वर्षाच्या आत घट बसवायचा नाही, पण नवरात्रात घर उघडून देवापुढं दिवा तरी लावू. दोन दिवस चल." मी म्हटलं, आई, मला डोकं वर काढायला फुरसत नाही. मग फोन ठेवला आणि पुन्हा आडवी झाले.

पारनेरच्या किल्ल्या माझ्याकडेच असतात. पंख्यानं नकाशे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर तो जुडगा ठेवते. चांगला जड आहे.

६ सप्टेंबर

पाण्याची परीक्षा झाली. पंकजनं टँकर बोलावला, छतावर, चारी भिंतींवर, दारावर पाइपानं पाणी मारलं. मी आत बसून होते. बाहेर प्रलय आणि आत गुळाचा वास. भिंतींवरून हात फिरवला, सगळं कोरडं ठणठणीत. आनंदानं ओरडले तर पंकजला वाटलं शॉक बसला.

या तक्त्याचा एकच शत्रू आहे, मुरणारं पाणी. वरून पडून वाहून गेलेलं चालतं. एका जागी बसून राहिलं की तक्ता पोळीसारखा फुगतो. पण बाहेरून सगळीकडे लेप दिला आहे, तेव्हा आता भीती नाही.

१५ सप्टेंबर

परवा पाथर्डीकडच्या डोंगरपट्ट्यात असा पाऊस झाला की ओढे रस्ता सोडून गावातून गेले. वडजळी नावाच्या गावात खालची आळी चिखलानं भरली. चाळीस कुटुंबं शाळेत राहताहेत, त्यामुळे शाळा बंद.

पुण्याच्या ज्या संस्थेच्या मागे आम्ही वर्षभर होतो तिथल्या ज्ञानेश्वरीताईंचा स्वतःहून फोन आला. एक घर वडजळीत उभं करा, त्यात एक कुटुंब राहू दे, दसरा झाला की मी येऊन बघते. टिकलं तर चाळीसही घरं तुमचीच, दिवाळीच्या आत.

दिवाळीच्या आत चाळीस दारं. मी डोळे मिटले की रांगच दिसते. पंकजनं मला चिमटा काढला आणि बोल्ट मोजायला बसवलं.

१७ सप्टेंबर

उभं राहिलं! शाळेमागच्या उंचवट्यावर, सकाळी सुरू केलं आणि ऊन उतरायच्या आत शेवटचा पत्रा चढला. गावातली पोरंसोरं, म्हातारे, सगळे भोवती. खालच्या आळीचं कुणी पहिलं राहायचं ते गावानंच ठरवलं, रामहरीकाका आणि मालनबाई. त्यांचं घर सगळ्यांत ओढ्याला लागून, शेतही तिथंच. मुलगा सुरतेला असतो. दोघंच.

मी दार उघडून म्हटलं, या. कुणी हललं नाही.

बिभीषण सरपंच पुढे आले. अगदी अदबीनं म्हणाले, "घर लई झ्याक हाय ताई. पर कसं हाय, पितर चालू हायेत. पितरात नव्या घरात पाऊल टाकत न्हाईत."

"अहो, पण माणसं शाळेच्या फरशीवर झोपताहेत!"

"झोपत्यात की. अमुशा झाली की उठत्यात अन् जात्यात. घर कुठं पळून चाललंय?"

पंकज माझ्याकडे बघून इतका हसला की त्याला खोकला लागला. मी वाऱ्याचा जोर काढला, जमिनीचा भार काढला, टेम्पोत भाग कोणत्या क्रमानं चढवायचे तेही काढलं. भिंतीवरचं पंचांग तेवढं पाहिलं नाही. आणि मी काय परदेशातून आले आहे? पारनेरची आहे. आमच्याकडे पितरात कुणी झाडूसुद्धा नवा आणत नाही.

मग मीच आत जाऊन बसले. खालच्या खिडकीतून उतरतं ऊन आत येत होतं. रिकामं घर फार शांत असतं.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. घर अजून रिकामं, दार सताड उघडं. शाळेतल्या बायकांनी मिळून पितरांचं जेवण केलं. मालनबाईंनी कावळ्याचा घास आमच्या घराच्या पत्र्यावर ठेवला, आणि कावळा लगेच आला. "बगा," त्या मला म्हणाल्या, "पसंत हाय म्हनायचं त्यास्नी."

मला उगाचच बरं वाटलं. पितरांनी नमुना मंजूर केला, आता संस्थेनं करायचा.

आईचा फोन घ्यायचा राहिला.

२२ सप्टेंबर, पहिली माळ

आज ती दोघं राहायला आली. मी समजत होते की आधी भांडी येतील, गोधड्या येतील. आधी आला तो घट.

मालनबाई सकाळी न्हाऊन, हातात परडी घेऊन, उजवं पाऊल आत टाकून सरळ पूर्वेच्या कोपऱ्यात गेल्या. परडीत माती, मातीत सात धान्यं, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट, त्यावर विड्याची पानं आणि नारळ. रामहरीकाका मागून समई घेऊन.

मी विचारलं, "मावशी, ही माती कुठली?" घटाला आपल्या शेतातली माती लागते, तेवढं मला माहीत आहे. आणि त्यांचं शेत मी पाहिलं होतं. ओढ्यानं पार खरवडून नेलं, खाली नुसता मुरूम राहिला आहे.

रामहरीकाका पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "घरात हुती की. गुडघाभर. आमचंच रान आमच्या घरात यून बसलं हुतं. म्हनलं, आता पावनं आलंच हाय तर घटाला बसवू."

हे सांगताना ते हसत होते.

घटावर माळ सोडायची म्हणून मालनबाईंनी छताच्या पट्टीत खिळा ठोकला. तो माझ्या काळजातच ठोकल्यासारखा वाटला. मग त्यांनी घटाच्या पोटावर बोट फिरवलं, ओलं झालेलं बोट मला दाखवलं आणि समाधानानं म्हणाल्या, "पाझरतोय. न पाझरनारा घट काय कामाचा? मोड कशावर यायचं?"

मी फोटो काढले. फार सुंदर दिसत होतं. पिवळा झेंडू, समई, आणि भिंतीवर चिपाडाच्या तक्त्याचा तो सोनेरी रंग. ताईंना पाठवले.

आता पाहणीसाठी मी इथंच थांबणार, शाळेतल्या बायकांच्या खोलीत. दुपारी झाडाखाली डोळा लागला तर स्वप्नात सगळी शेतं उठून गावात आली होती आणि घराघरांची कडी वाजवत होती.

२४ सप्टेंबर, तिसरी माळ

मातीतून मोड वर आले. सुईएवढे, पांढरट.

आणि परडीभोवती तक्ता काळा पडला आहे. मी अंगठ्यानं दाबला. दबला.

मी टँकरनं पाणी मारलं ते बाहेरून. पाणी फक्त बाहेरून येतं असं मी धरून चालले. जो घट पाझरण्यासाठीच केलेला असतो तो माझ्या तक्त्यावर दहा दिवस बसणार आहे, आणि मी त्याचे फोटो काढले!

यंदा एक माळ जास्त आहे म्हणे. म्हणजे अकराव्या दिवशी दसरा. तोवर कोपरा भाकरीसारखा टम्म फुगेल.

२५ सप्टेंबर, चौथी माळ

पंकजला बोलावून घेतलं. त्यानं कोपरा पाहिला, डोक्याला हात लावला. बाहेर येऊन म्हणाला, "साधं आहे. घट जरा उचलायचा, खाली पत्र्याचा तुकडा सरकवायचा, परत ठेवायचा."

"बसलेला घट हलवतात?"

"मग? देवी काय मोजपट्टी घेऊन बसलीय?"

"चल तर. ती दोघं शाळेत गेलीत. उचल."

पंकज आत गेला. चप्पल काढून गेला हे मी पाहिलं. समईपुढे थोडा वेळ उभा राहिला आणि तसाच बाहेर आला. "माझ्या आईला कळलं तर जेवायला घालणार नाही," म्हणाला. "तू शिकलेली आहेस, तू उचल." आणि टेम्पोत बसून नगरला पसार झाला. लोखंड वाकवणारा गडी!

२६ सप्टेंबर, पाचवी माळ

मोड बोटभर झाले. खालून पिवळे, टोकाला हिरवे. समईच्या उजेडात त्यांच्या सावल्या भिंतीवर उंच दिसतात, तिथं जणू पीकच उभं आहे. मी सकाळपासून तिथंच बसून होते. अभ्यास म्हणून.

रामहरीकाका दिवसभर खिडकीपाशी बाजेवर पडून असतात. तिथून त्यांना त्यांचं रान दिसतं, म्हणजे जिथं रान होतं ती जागा. मालनबाई कामातून विचारतात, "काय दिसतंय वं?" आणि ते सांगतात, "बगळं आलंत." "गोरख्याची म्हस चाललीय." मला ऐकायला इतकं छान वाटलं. का कोण जाणे. बाबा शेवटचे दोन महिने खाटेवर होते तेव्हा आमची खिडकी त्यांच्या नजरेच्या वर होती. ते विचारायचे, "बाहेर काय चाललंय गं निकू?" आणि मी कामात असले की म्हणायचे, काही नाही बाबा, रस्ताच आहे.

असो. कोपऱ्याचं बघायला हवं.

आमच्याकडे माठ कुठे असायचा ते आज आठवत होते. स्वयंपाकघरात, शहाबादी फरशीच्या तुकड्यावर. बारा महिने पाझरायचा आणि फरशीवर गोल ओल असायची. कुणाला तिचं काही वाटलं नाही, कारण दगड होता. घराला पाणी लागू नये म्हणून मी दोन वर्षं घालवली, आणि माणूस घरात शिरला की आधी पाण्याचं भांडं ठेवतो, एवढंच विसरले. घट काय, दसऱ्याला उठेल. उन्हाळ्यात चाळीस घरांत चाळीस माठ बसतील, त्यांचं काय?

नकाशा काढला. प्रत्येक घरात एक कोपरा दगडाचा. तक्त्याऐवजी शहाबादी, चारी बाजूंनी लोखंडी पट्टी, ओल झिरपून खाली जमिनीत जाईल अशी फट. काढून झाल्यावर नकाशावर किल्ल्या ठेवल्या.

पण हे पुढच्या घरांचं. ज्या घरावरून पुढची घरं ठरायची आहेत त्याचा कोपरा कुजतो आहेच.

२७ सप्टेंबर, सहावी माळ

पाऊस. सकाळपासून रात्रीपर्यंत आडवा-तिडवा. शाळेचं छत दोन ठिकाणी गळायला लागलं तेव्हा बायका लेकरं घेऊन आमच्या घरात आल्या. काडेपेटी गच्च भरली. कुणी पोर झोपलं, कुणी रडलं, कुणी चहा केला. बाहेरून एक थेंब आत आला नाही. एकही नाही. मी दाराशी बसून प्रत्येक भिंत बघत होते.

घटाच्या कोपऱ्यात कुणी गेलं नाही. एवढ्या गर्दीत तेवढी जागा सगळ्यांनी आपसूक मोकळी सोडली.

मालनबाई म्हणाल्या, "ताई, तुमचं घर लई मायाळू हाय." मला सर्दी झाली असावी, डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं.

२८ सप्टेंबर, सातवी माळ

ज्ञानेश्वरीताई उद्याच येणार! संस्थेची बैठक दसऱ्याच्या आधी ठरली, त्यामुळे पाहणी उद्या. पंकज धावत आला. आणि मालनबाईंसमोरच बोलून गेला, "आता संपलं. या घटापायी चाळीस घरं जाणार."

मी त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं, पण बोलणं ऐकू गेलं होतं.

मालनबाई हातातली कणीक तशीच ठेवून आल्या. सगळं विचारून घेतलं. तक्ता कसा फुगतो, बाई काय बघणार, काय लिहिणार. मी खरं ते सांगितलं. मग समईकडे बघत म्हणाल्या, "माज्या एका घटापायी चाळीस चुली अडायच्या आसतील, तर देवीला मी काय त्वांड दावू? हालीव बाई तू. पत्रा घाल, फडकं घाल, काय घालायचं ते घाल. माज्या हातनं न्हाई व्हायचं."

त्यांनी रामहरीकाकांना बाजेवरून उठवलं, दोघं बाहेर जाऊन घराकडे पाठ करून बसली. पंकजनं माझ्या हातात पत्र्याचा तुकडा दिला. तोही बाहेर गेला.

मी आणि घट. मी पत्रा खाली ठेवला, दोन्ही हात परडीखाली घातले. माती गार होती. त्या मातीला आमच्या घटाच्या मातीचाच वास होता, म्हणजे सगळ्या घटांना तोच वास येत असणार. लहानपणी मी रोज सकाळी उठून मोड किती वाढले बघायला धावायचे आणि बाबा म्हणायचे, सारखं बघू नये, लाजतात ते. हाताला काहीतरी बारीक लागत होतं, दोऱ्यासारखं. थोडं उचललं असतं तरी झालं असतं. तिकडे शाळेत चाळीस कुटुंबं आहेत, हे मला माहीत होतं. मी त्यांची नावंसुद्धा आता ओळखते.

मला जमलं नाही. खरंच नाही जमलं. हात ओले झाले होते, निसटेल असं वाटलं, म्हणून असेल.

बाहेर येऊन म्हटलं, "मावशी, राहू दे. उद्या मी ताईंना सांगेन."

मालनबाईंनी पदरानं माझे हात पुसले. पंकज म्हणाला, "तू येडी हायेस," आणि पत्रा टेम्पोत फेकला. पण चिडलेला वाटला नाही.

२९ सप्टेंबर, आठवी माळ

ताई आल्या. सगळं बघितलं. बोल्ट, पाय, छत. परवाच्या पावसाचंही ऐकलं. लोकांनी इतकं कौतुक केलं की मला लाजल्यासारखं झालं. मग त्या चप्पल काढून आत आल्या, घटाला हात जोडले आणि खाली बघितलं.

"हे काय झालंय?"

मी सांगितलं. तक्ता पाण्यानं फुगला. चूक माझी आहे, घटाची नाही. घट हलवता आला असता, मावशींनी परवानगी दिली होती, मीच हलवला नाही. मग दगडी कोपऱ्याचा नकाशा दाखवला.

त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला. "झाकून ठेवता आलं असतं तुम्हाला. सतरंजी टाकली असती तरी मला दिसलं नसतं."

"हो," मी म्हटलं. ते मला सुचलंच नव्हतं.

"मला हे लिहावं लागेल, निकिता."

"लिहा."

गाडीत बसताना त्यांनी विचारलं, हा कोपरा कुणी सुचवला. म्हटलं, कुणी नाही, आमच्या घरी असा होता. त्या म्हणाल्या, "होता म्हणजे? आता नाही?" मी म्हटलं, आहे, पण बंद आहे.

१ ऑक्टोबर, दहावी माळ

ताईंचा फोन. चाळीस घरं मंजूर. पण आधी दगडी कोपऱ्याचं एक घर करून ते पावसात आणि ओलीत तपासायचं, मग बाकीची. म्हणजे दिवाळीच्या आत नाही. दिवाळीनंतर, थंडीत.

पंकज नगरहून पेढे घेऊन आला. मला पेढा गोड लागला नाही. शाळेत जाऊन सगळ्यांना मीच सांगितलं. कुणी भांडलं नाही, तेच जास्त लागलं. एक बाई लेकराला थोपटत म्हणाली, "मंजी दिवाळी हितंच." बिभीषण सरपंच म्हणाले, "लाडू शाळंत वळू, त्यात काय." पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. घट मी हलवला असता तर ही माणसं आपापल्या दारात पणती लावणार होती. मग उन्हाळ्यात चाळीस कोपरे फुगले असते, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे, आणि मला दोन्हीचं वाईट वाटतं.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी घट उठवला. मालनबाईंनी नारळ काढला, आरती झाली, आणि त्या परडी धरून वर उचलायला गेल्या. परडी उठेना.

रामहरीकाका वाकले. पंकज वाकला. मी गुडघे टेकून बघितलं. परडीच्या फटींतून मुळं खाली उतरली होती आणि माझ्या तक्त्यात शिरली होती. पांढरी, बारीक, दाट. फुगलेल्या चिपाडात त्यांनी घर केलं होतं. त्या दिवशी माझ्या हाताला लागले ते हेच दोरे. उचलला असता तर सगळे तुटले असते.

मालनबाई म्हणाल्या, "धरलंय की ह्यानं."

पंकजनं करवतीनं तेवढा चौकोन कापून काढला. परडी, माती, मोड आणि खाली तक्ता, सगळं एकत्र उचललं गेलं. मोडांचे तुरे खुडून वाटले. बायकांनी अंबाड्यात खोवले, पुरुषांनी टोपीत. पंकजनं कानावर खोवला आणि मला म्हणाला, "बघ, तुझं घर कुजायला लागलं. खूश?"

कापलेला तुकडा मी टेम्पोत टाकायला निघाले तर रामहरीकाकांनी धरला. "ह्यो द्या हिकडं." मी म्हटलं, काका, खराब झालाय. ते म्हणाले, "रानात टाकतो. त्येवडीच माती हाय आमच्याकडं."

आम्ही सगळे त्यांच्यामागे गेलो. उघड्या मुरमावर, पूर्वी बांध होता तिथं, त्यांनी हातांनी थोडं उकरलं आणि तो चौकोन ठेवला. आमच्या घराचा कोपरा, त्यांच्या रानाची ओंजळभर माती, आणि उरलेले खुंट. एवढ्या मोठ्या उघड्या रानात तो पोळपाटाएवढा हिरवट तुकडा. मालनबाईंनी घटातलं उरलेलं पाणी त्याच्यावर ओतलं.

माझ्या हातात त्यांनी मोडांची एक जुडी दिली. "घरी दे," म्हणाल्या. "कुठं गं घर तुजं?"

मी नगर म्हणणार होते. तोंडातून पारनेर आलं.

५ ऑक्टोबर, पारनेर

काल शेडमध्ये नकाशे सगळे उडाले. पंकज ओरडत होता, वजन कुठं गेलं. ते माझ्या पर्समध्ये होतं.

चिंचवडहून आईला घेऊन आले. कुलूप कडक झालं होतं, तेल सोडावं लागलं. आत अंधार आणि बंद घराचा वास. आई दारातच थांबली, म्हणून मी आधी गेले. खिडकी उघडली. मग बाबांच्या खाटेवर आडवी झाले, सहज, दिसतं का बघायला. काही दिसत नाही. नुसतं आभाळ दिसतं. दोन महिने त्यांना नुसतं आभाळ दिसत होतं, आणि मी सांगत होते, रस्ताच आहे.

मी खूप रडले. आई डोक्याशी बसून राहिली.

नंतर तिनं देवापुढे दिवा लावला, मी वडजळीची जुडी बाबांच्या फोटोला खोवली. सुकली आहे, पण वास आहे. स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर माठाची गोल खूण तशीच होती, कोरडी. आई माठ विसळून घेऊन आली आणि घटकाभर हातात धरून उभी राहिली. दोनच दिवस तर राहायचं, तिला वाटलं असणार.

"भरू का गं?" ती म्हणाली. "रिकामाच होता इतके दिवस. पाझरेल सगळीकडं."

"भर," मी म्हटलं. "पाझरू दे."